कडूचं एक दार

मिरजेत रेल्वे लाइनीच्या अलीकडे जी जुनी गल्ली आहे, तिथे काकडी चिरण्याआधी ती दिनकर कुंभोजकरांना चाखवून आणायची पद्धत होती.

काकडीच कशाला, दुधी, दोडका, तोंडली, जी म्हणून भाजी एखाद्या दिवशी दगा देऊन कडू निघू शकते ती प्रत्येक. फाटकातूनच हाक यायची, “अण्णा, चाखा की जरा!” आणि बशीत एक पातळ चकती पुढे यायची. अण्णा ती जिभेच्या टोकाला नुसती टेकवायचे. फळ बरं असलं तर म्हणायचे, “हिरवा!” आणि नसलं तर तोंड असं काही वाकडं व्हायचं, की भाजी आणणारी बाई उत्तराची वाटही न बघता थेट उकिरड्याकडे वळायची. मागून अण्णांची आरोळी यायची, “लाल! अहो, लाल!”

अण्णा रेल्वेत गार्ड होते. शेवटच्या डब्यात उभं राहून बावटे दाखवण्यात त्यांचा जन्म गेला. आता गाड्यांना गार्ड नसतो. शेवटच्या डब्याला एक डबी लावलेली असते, ती सिग्नलशी परस्पर काय ते बोलून घेते. अण्णा गार्डांच्या अगदी शेवटच्या तुकडीतले. बावटे जमा करावे लागले, पण शिट्टी गळ्यात राहिली आणि हिरवा-लाल तोंडात राहिलं.

तर अशी ही तल्लख जीभ. गल्लीला वरदान आणि घराला ताप! कारण जिला काकडीतला कणभर कडवटपणा कळतो, तिला कारलं कसं लागत असेल? कारलं पानात आलं की अण्णा पाटावरून उठत. मेथीला म्हणत, “गुरांपुढे टाका.” शेपू शिजत असला तर खुशाल फाटकाबाहेर जाऊन उभे राहत. त्यांची बायको होती तोवर बिचारीनं दोन-दोन स्वयंपाक केले. ती गेली आणि अण्णांना रान मोकळं मिळालं. बटाटा, भात, साखरेचा चहा आणि वर जिलबी.

मधुमेह होताच. मनगटावरचा साखरमापक दिवसभर लालच. पायांच्या बोटांना मुंग्या येत होत्या, एका डोळ्यापुढे धुरकट दिसत होतं. डॉक्टरांनी शेवटी स्पष्टच सांगितलं, “कुंभोजकर, औषधं मी देईन. पण तुमच्या वाटची पालेभाजी मी नाही ना खाऊ शकत! हे असंच चाललं तर आधी पाय जाईल, मग मूत्रपिंडं. मग माझ्याकडे येऊ नका.” अण्णांनी मान डोलावली आणि येताना कोपऱ्यावरून पावशेर जिलबी घेऊन आले. दुःख झालं होतं ना त्यांना!

ती जिलबी शर्वरीनं पाहिली. शर्वरी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. चवीच्या शास्त्रात डॉक्टरेट केलेली. परदेशातून दोनदा बोलावणं आलं होतं, पण ती मिरजेतल्याच प्रयोगशाळेत राहिली, कारण तिचा प्रश्न मिरजेतच होता आणि रोज तिच्यासमोर हाताची घडी घालून जेवायला बसत होता. त्या दिवशी तिनं जिलबीचा पुडा उचलला, अण्णांच्या पायाकडे पाहिलं आणि तिला रडूच कोसळलं.

“अण्णा, मला तुम्ही हवे आहात हो. अख्खे हवे आहात. दोन्ही पायांसकट.”

“अगं, पण माझ्या जिभेला कोण समजावणार?” अण्णाही रडकुंडीला आले होते. “तू म्हणतेस एवढंसं खा. मला ते जाळतं गं तोंडात. मी नाटक करत नाही.”

आणि ते खरंच नाटक करत नव्हते.

आपल्या जिभेवर कडू ओळखणाऱ्या पेशी असतात आणि त्यांच्यावर पंचवीसेक प्रकारची सूक्ष्म दारं असतात. गोडाला एखाददुसरं दार पुरतं, कारण साखर ही साखरच. पण निसर्गातली विषं नाना तऱ्हेची आणि त्यातली बरीचशी कडू. म्हणून कडूसाठी एवढी दारं. त्यातल्या कुठल्याही दारावर थाप पडली की मेंदूला निरोप जातो, थुंक! काहींची ही दारं जन्मतःच जास्त हळवी असतात. त्यांना मेथीसुद्धा विषासारखी लागते. अण्णा त्यातलेच. पथ्याच्या भाज्यांनी कुणाचं काही वाकडं केलेलं नसतं, पण दाराला ते ठाऊक नसतं.

शर्वरीनं आणि तिचा सहकारी फैजल यानं मिळून एक प्रथिन घडवलं. ते जाऊन या सगळ्या दारांना कड्या लावत असे. पेशींना इजा नाही, काही तासांनी कड्या आपोआप गळून पडत. हे प्रथिन त्यांनी कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या पातळ पट्टीत भरलं. पट्टी टाळूला चिकटवायची, ती लाळेत हळूहळू विरघळत राहते. कडू गेलं की भाजीत मुळातच असलेला, आजवर दबलेला गोडवा आणि खमंगपणा वर येतो. बस्स, एवढंच! कुणी काही वर घालत नाही.

पहिली पट्टी अर्थातच अण्णांच्या टाळूला लागली. शर्वरीनं कारल्याच्या काचऱ्या परतल्या, नुसत्या मिठाच्या. अण्णांनी डोळे घट्ट मिटले, देवाचं नाव घेतलं आणि एक काचरी तोंडात टाकली.

चावले. थांबले. पुन्हा चावले. एक डोळा उघडला.

“हे कारलं आहे?”

“कारलंच आहे.”

“शपथ घे.”

“तुमची शपथ, अण्णा!”

अण्णांनी ताटली पुढ्यात ओढली. “अगं, याला तर चव आहे! भाजलेल्या कणसासारखं लागतंय काहीतरी. आणि हे एवढं तुझी आई एकटी खात होती? एकटी?” ते खातच सुटले. ताटली पुसून झाल्यावर म्हणाले, “तिच्या हातचं खायला हवं होतं गं एकदा.” शर्वरीनं त्यांचा हात धरला. दोघंही हसत होती आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

त्यानंतर अण्णांना कोण आवरणार! मेथी, शेपू, अंबाडी, शेवग्याचा पाला. बाजारात भाजीवाल्या त्यांना चिडवायच्या, “अण्णा, आता आमच्याकडं पाला उरंना झालाय तुमच्यापायी!” सकाळी दात घासले की पट्टी लावायची, ती निजायला जातानाच निघायची. पावसाळा संपेस्तोवर मनगटावरचा साखरमापक पिवळा झाला. दिवाळीच्या सुमारास तो हिरवा झाला, तेव्हा अण्णांनी फाटकात उभं राहून शिट्टी फुंकली. सगळी गल्ली गोळा झाली. डॉक्टरांनी पाय तपासले आणि म्हणाले, “राहिला पाय!” त्या दिवशी शर्वरी घरी येऊन एकटीच स्वयंपाकघरात नाचली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. परवाने मिळाले आणि सरकारनं ठरवलं की मुलांच्या शाळेतल्या जेवणापासून सुरुवात करायची. शेपू बघून जेवण टाकणारी मुलं गावोगावी काय कमी आहेत? पहिली शाळा मिरजेतली, त्यांच्याच गल्लीतली. शर्वरी आणि फैजल बेपर्वा नव्हते हं! कडू ही धोक्याची सूचनाही असते हे त्यांना चांगलं माहीत होतं. म्हणून नियमच केला होता. स्वयंपाक करणाऱ्यानं पट्टी लावायची नाही. एक उघडी जीभ स्वयंपाकघरात हवीच.

नियम चोख होता. तो पाळलाही गेला. फक्त तो या गल्लीसाठी लिहिलेला नव्हता.

शाळेचं स्वयंपाकघर जयूकाकू सांभाळायच्या. कुंभोजकरांच्या समोरच्या घरात राहणाऱ्या, उंच आवाजाच्या, मनानं लोण्याहून मऊ. त्यांनी पट्टीला हातही लावला नव्हता, नियम म्हणजे नियम. पण जयूकाकूंनी उभ्या जन्मात रांधताना काही चाखलं नव्हतं. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न उष्टं करायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त त्यांच्या हाडात मुरलेली. मीठ हाताच्या अंदाजानं आणि भाजी कडू की गोड हे समोरच्या अण्णांच्या जिभेनं. शाळेतला पहिला वाटाही त्या गणपतीच्या तसबिरीपुढे ठेवत.

शाळेत पट्टीची सुरुवात मोठा मेळावा भरवून व्हायची होती, त्या दिवशी सकाळी त्या अण्णांच्या फाटकात आल्या. हातात बशी, बशीत दुधीची चकती.

“अण्णा, चाखा की जरा! माझ्या परड्यातल्या वेलाचे आहेत. पोरांसाठी पुदिना घालून रस करतेय.”

अण्णांनी चकती जिभेला टेकवली. मग चावून गिळूनच टाकली. “वा! काय रसाळ निघालाय हो! हिरवा!”

जयूकाकू खुशीत गेल्या. अण्णा नवा सदरा घालायला आत गेले. त्यांच्या टाळूला पट्टी होती, पण पट्टीची आठवण ना त्यांना झाली, ना जयूकाकूंना. कित्येक वर्षांची सवय ती, तिला मध्येच कोण प्रश्न विचारणार?

शाळेचं पटांगण पोरांनी नुसतं फुललं होतं. पताका, ढोल, एका वर्गानं तर कारल्याचे पोशाख केलेले. प्रत्येक पोराच्या टाळूला पट्टी आणि जो तो मान मागे टाकून, आ करून दुसऱ्याला दाखवतोय. शर्वरी पोरांमधून नुसती भिरभिरत होती. तिनं स्वतः पट्टी लावली नव्हती, कारण नवी पट्टी असली की जीभ जरा जड होते आणि तिला भाषण करायचं होतं.

प्रमुख पाहुणे अण्णा! समई पेटवण्याऐवजी त्यांनी दुधीच्या रसाचा पेला उचलायचा आणि घटाघटा प्यायचा, असा बेत होता. अण्णांनी पेला उंच धरला, एका दमात रिकामा केला आणि मिशा पुसल्या. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मग भाषणं सुरू झाली. ती लांबली, आपल्याकडे लांबतातच, आणि त्या लांबण्यानं त्या दिवशी केवढे उपकार केले! पोरांच्या हातांत पेले वाटले जात होते आणि सर्वांनी एकदमच प्यायचं म्हणून ती ओठ चाटत थांबली होती.

शेवटी मुख्याध्यापिकांनी जयूकाकूंना माइकसमोर ओढून आणलं.

“मी काय बोलू?” जयूकाकू लाजल्या. “दुधी माझ्या परड्यातले, एवढंच. बीपण घरचंच. गेल्या वर्षीचा वेल भिंतीवरून पलीकडे गेला होता, बशीरभाईंच्या तुंब्यांना गळ्यात गळा घालून बसला होता बघा! त्याच वेलाचं बी धरलं होतं मी.”

बशीरभाई म्हणजे फैजलचे वडील. सतारी करायचे. सतारीचा तुंबा ज्या भोपळ्यापासून करतात तो बाहेरून आणण्यापेक्षा आपल्याच परड्यात लावून बघू, असा त्यांना गेल्या वर्षी नाद लागला होता. फैजल शर्वरीच्या कानाशी कुजबुजला, “म्हणजे काकूंचे दुधी निम्मे सतारच झाले की!” आणि हसला.

शर्वरीही हसली. आणि हसता हसता एकदम थांबली.

तुंब्याचा भोपळा आणि दुधी एकाच जातीचे. एका वेलाचा पराग दुसऱ्यावर सहज जातो. गेल्या वर्षी फळ दुधीचंच आलं असणार, चांगलं, गोडं, कारण गर आईवर जातो. पण पोटातलं बी दोघांचं! आणि तुंब्याचा भोपळा कडूजहर असतो, गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. त्यातलं विष आतड्यांना सोलून काढतं.

“फैजल,” तिनं त्याचा दंड धरला, “दुधी कुणी चाखला?”

“अण्णांनीच चाखला असेल. गल्लीत दुसरं कोण...” आणि त्याचाही चेहरा पांढरा पडला.

शर्वरीनं शेजारच्या पेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं. जीभ पेटलीच! असा कडूपणा तिनं प्रयोगशाळेतही अनुभवला नव्हता. ती थुंकली आणि किंचाळली, “पिऊ नका! कुणी पिऊ नका!”

कोण ऐकतंय? त्याच क्षणी ढोल सुरू झाला होता. मुख्याध्यापिका माइकवर “एक... दोन...” म्हणत होत्या. पोरांचे पेले वर गेले. शर्वरी माइककडे धावली, तिचा पाय वायरीत अडकला, ती गुडघ्यांवर पडली. पडल्या पडल्या तिनं अण्णांकडे पाहिलं. अण्णा खुर्चीत वाकले होते, एक हात पोटावर, कपाळावर घाम. त्यांना काय होतंय ते त्यांना कळत नव्हतं, पण लेकीचा चेहरा त्यांना दिसला. तिनं दोन्ही हात डोक्यावर आडवे हलवले. गार्डाला ती खूण समजावून सांगावी लागत नाही.

अण्णा उठले. गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि अशी फुंकली, की पताकांवरचे कावळे उडाले. लांब, कर्कश, न संपणारी शिट्टी. ढोल थांबला. पोरं जागच्या जागी थिजली. अण्णांनी व्यासपीठावरचं लाल कापड ओढलं आणि डोक्यावर फडकवलं.

“लाल!” ते ओरडले. “पेले खाली! लाल!”

पोरांनी पेले खाली ठेवले. एकाही पोराच्या ओठाला थेंब लागला नव्हता. अण्णांनी ते पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि तिथेच कोसळले.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, ही त्या दिवशी मोठीच कृपा. या विषाला उतारा नसतो, शरीराला तगवून धरायचं, विष आपलं आपण निघून जाईस्तोवर. रक्ताच्या उलट्या झाल्या, रक्तदाब तळाला गेला, सलाइनवर सलाइन लागलं. बाहेरच्या बाकावर जयूकाकू पदरात तोंड खुपसून बसल्या होत्या. “माझ्या हातानं... माझ्या हातानं दिलं गं मी त्यांना!” शर्वरी त्यांना जवळ घेऊन बसली. हात कुणाचा होता, हे तिला पक्कं माहीत होतं.

तिथेच तिला पुण्याहून, योजनेच्या सरकारी कचेरीतून फोन आला. एका दुधीपायी सबंध महाराष्ट्राचं काम थांबवणार का? पुढच्या आठवड्यात चार जिल्हे आहेत. नियमात एक ओळ वाढवा आणि पुढे चला.

“नाही,” शर्वरी म्हणाली. “सगळ्या पट्ट्या परत घ्या. आजच.”

तिसऱ्या दिवशी अण्णांचा रक्तदाब सावरला. त्यांनी डोळे उघडले, लेकीला जवळ बोलावलं. आवाज खोल गेला होता.

“पोरी, तू सगळेच सिग्नल हिरवे करून टाकलेस गं.”

शर्वरीनं त्यांच्या हातावर कपाळ टेकलं आणि हमसून हमसून रडली. अण्णा तिला रडू देत होते. मग म्हणाले, “पण गाड्या धावल्या मात्र झकास! आता फक्त एक लाल दिवा परत लाव.”

बोलायला सोपं! घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. पट्टी नाही म्हणजे भाजी नाही. अण्णांनी मनापासून प्रयत्न केला. नाक दाबून मेथी गिळली, कारल्याची एक काचरी तोंडात धरून बसले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “तुझ्यासाठी खातो,” म्हणाले आणि ती उलटून पडली. मनगटावरचा हिरवा पिवळा झाला आणि पिवळा पुन्हा लालकडे झुकायला लागला. बोटांच्या मुंग्या परतल्या. शर्वरीला दिसत होतं, वेळ फार नाही.

ती आणि फैजल कामाला भिडले, ते वेड लागल्यासारखे. पंचवीस दारं, त्यातल्या नेमक्या कुठल्या दारावर दुधीचं विष थाप मारतं? सापडलं, पण सापडलं ते कठीण होऊन. दुधीचं विष आणि कारल्याचा कडूपणा नात्यातले निघाले, चुलत भाऊ म्हणा. दोघं बरीचशी दारं मिळूनच ठोठावतात. उघडी ठेवली तर कारलं पुन्हा कडू, बंद केली तर दुधी पुन्हा गोड. शोधता शोधता शेवटी एक दार हाती लागलं, कोपऱ्यातलं, जिथे दुधीचं विष जोरात थाप मारतं आणि कारलं जेमतेम हात लावतं. बाकी सगळ्यांना कड्या घालायच्या आणि हे एक उघडं ठेवायचं. इतर जिवावरच्या विषांचीही अशीच दारं पुढे एकेक करून शोधायची, पण सुरुवात या दारापासून.

“यंत्र सांगतंय की जमलं,” फैजल म्हणाला. “पण यंत्राला तोंड वाकडं करता येत नाही. माणसाला कळेल का, ते माणसाच्या जिभेवरच बघायला हवं. सगळ्यात हळव्या जिभेवर.”

“नाही,” शर्वरी म्हणाली. “अण्णा नाही. पुन्हा नाही.”

हे अण्णांच्या कानावर कसं गेलं, ते फैजललाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून, गळ्यात शिट्टी अडकवून प्रयोगशाळेच्या दारात हजर.

“अण्णा, घरी चला.”

“शर्वरी, गार्डानं बावटा दाखवल्याशिवाय गाडी सुटत नसते. इंजिनात बसणाऱ्याला मागचं दिसत नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “अगं, आयुष्यभर या जिभेनं तुझ्या आईला छळलं, तुला छळलं. आता तिला एकदा उपयोगी पडू दे की! आणि मला कारलं हवंय. खरंच हवंय.”

शर्वरीनं डॉक्टरांना शेजारी उभं केलं. एकच थेंब जिभेच्या टोकावर, लगेच थुंकायचं, चूळ भरायची. पेल्यांवर नाव नाही. कशात काय आहे हे फक्त फैजलला माहीत.

पहिल्या पट्टीला कारलंच लाल निघालं. अण्णांनी तोंड धुतलं, म्हणाले, “दुसरी आणा.” दुसऱ्या पट्टीला सगळंच हिरवं झालं, दुधीचा थेंबसुद्धा. ते ऐकून शर्वरीच्या अंगावर काटा आला. पुन्हा कामाला जुंपणं आलं. इकडे मनगटावरचा मापक लाल झाला. अण्णा तो बाहीखाली लपवून यायचे, पण तिला तो दिसायचाच.

मग तिसऱ्या पट्टीचा दिवस आला. अण्णा खुर्चीत ताठ बसले. पहिला थेंब. जीभ जरा फिरली. “हिरवा.” तो कारल्याचा होता. दुसरा, “हिरवा.” मेथी. तिसऱ्याला ते हसले, “हिरवा, आणि छान!” तो चक्क कडुनिंबाचा. शर्वरीनं टेबलाची कड घट्ट धरली होती. फैजलनं चौथा पेला पुढे केला.

थेंब जिभेवर पडला.

काहीच झालं नाही. अण्णांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. संपलं, शर्वरीला वाटलं, संपलं सगळं.

आणि अण्णांचं नाक आकसलं. मग एक डोळा मिटला. मग ओठ एका बाजूला गेले, गाल दुसऱ्या बाजूला, कपाळाला आठ्या पडल्या, मिशा उभ्या राहिल्या. तेच ते तोंड, गल्लीतल्या बायकांना उकिरड्याकडे पळवणारं, कारल्याच्या ताटावरून उठणारं, तिच्या आईला हात टेकायला लावणारं ते जगातलं सगळ्यात वाकडं तोंड! ते भांड्यात थुंकले, हातानंच शिट्टी चाचपली आणि प्रयोगशाळेच्या काचा हादरतील अशी फुंकली.

“लाल! अरे, लाल! कडूजहर आहे मेलं!”

शर्वरीनं त्यांना मिठीच मारली. “पुन्हा म्हणा अण्णा, पुन्हा म्हणा!”

“कडू आहे गं! कडू, कडू, कडू!” अण्णा आनंदानं ओरडत होते आणि चूळ भरायची राहूनच गेली होती. डॉक्टरांनीच पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाशी नेला. फैजल खाली फरशीवर बसला होता आणि हसत डोळे पुसत होता.

नवी पट्टी पुढच्या वर्षी शाळांमध्ये गेली. या वेळी पुण्याहून कुणी घाई केली नाही. अण्णांचा साखरमापक पुन्हा हिरवा झाला, पाय दोन्ही शाबूत आहेत. जयूकाकूंनी बशीरभाईंच्या भिंतीलगतचा वेल मुळापासून उपटला आणि त्या बियाणं आता बाजारातून विकत आणतात. पट्टीही लावतात, शाळेत रांधायचं नसेल त्या दिवशी. एवढंच नाही, मुलांसाठी रांधताना पानाच्या कडेला काढून का होईना, चाखतात. देवाची त्यांनी क्षमा मागितली आहे.

परवा सकाळी शर्वरी कामावर निघाली होती, तेवढ्यात फाटक वाजलं. जयूकाकू. हातात बशी, बशीत काकडीची पातळ चकती.

“काकू, तुम्हाला पट्टी आहे ना? कडू असेल तर तुमचं तुम्हालाच कळेल आता.”

“कळलं की गं. गोड आहे, मघाशीच चाखलीय मी.” जयूकाकूंनी तिला हातानं बाजूला केलं आणि ओसरीकडे हाक मारली, “अण्णा, चाखा की जरा!”

अण्णा वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठले, सदरा नीट केला आणि जीभ बाहेर काढली.